फणसाला झोका नको, काका

दापोली तालुक्यातल्या एका काकांचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"मुलगा-सून पुण्याला असतात. नात नऊ वर्षांची, नातू चार. मे महिन्यात येतात, पण गेल्या वर्षी आठवडाभरातच मुलं कंटाळली आणि दहाव्या दिवशी गाडी परत गेली. यंदा परसात त्यांच्यासाठी काहीतरी करायचं मनात आहे. फणसाला बारा फुटांवर जाड आडवी फांदी आहे. आमच्या वडिलांनी मला तिथेच झोका बांधून दिला होता, त्याचा शिवणीच्या लाकडाचा पाट अजून माळ्यावर आहे. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला उपद्व्याप, प्लास्टिकची घसरगुंडी-झोका तयार मिळतो, मी पाठवतो. सून म्हणते, काहीच नको, मागे विहीर आहे, मला धास्ती वाटते. विहीर फणसापासून आठ पावलांवर आहे, कठडा आहे गुडघ्याच्या वर. निसर्ग वादळात सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या ती जागा तशीच मोकळी पडली आहे, पण ती घरापासून जरा लांब. एक रायवळ आंबाही आहे बाजूला. आम्हा तिघांत खरं कोणाचं?"

काका, नमस्कार.

सुनेचं खरं. म्हणजे 'काहीच नको' हे तिचं म्हणणं मी मान्य करणार नाही, पण तिला जी धास्ती वाटते ती अगदी योग्य जागी वाटते. म्हणून झोक्याचं नंतर बोलू, आधी विहीर.

गुडघ्याच्या वरचा कठडा म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या पोटाला नाहीतर छातीला लागणारा. तो त्याला अडवत नाही, उलट टेकून वाकायला जागा देतो. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं. आत बेडूक दिसला, कासव दिसलं, की मूल वाकतं आणि तोल पुढे जातो. आवाजही होत नाही. आपण सगळे उघड्या विहिरींच्या काठी वाढलो, हे खरंच. पण आपण तिथे बारा महिने राहत होतो, विहिरीची भीती अंगात मुरली होती. पुण्याहून आलेल्या नातवाला ती चार दिवसांत येणार नाही.

तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून विहिरीच्या तोंडाएवढी जाळी करून घ्या, दोन भागांत, बिजागरीवर उघडणारी. पोहरा जाईल एवढाच भाग उघडता येईल असा ठेवा आणि त्याला कुलूप. सळ्यांमधलं अंतर साडेतीन इंचांच्या आत ठेवायला सांगा. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, म्हणून काम पुरं झाल्यावर सगळी जाळी जस्ताच्या गरम मुलाम्यात बुडवून घ्या. नुसता रंग पुरणार नाही. पंपाची वायर जमिनीवरून गेली असेल तर तीही उचलून पाइपात घाला. हे सगळं होईपर्यंत मुलांसाठी परसात एक खुंटीही ठोकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फणस. तुमच्या वडिलांनी बांधला तो झोका तुमच्या मनात किती खोल आहे ते पत्रातून कळतं, म्हणून जपून लिहिते, पण लिहायला हवंच. त्या फांदीला झोका नको.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मुलांच्या खेळण्याच्या जागांसाठी मापं घालून दिली आहेत. देश परका असला तरी पडणारं मूल सगळीकडे सारखंच पडतं. त्या हिशेबाने, दोर जिथे बांधला ती उंची मोजायची आणि तिच्या दुप्पट जागा पुढे आणि दुप्पट मागे मोकळी सोडायची. तुमची फांदी बारा फुटांवर, म्हणजे पुढे चोवीस फूट आणि मागे चोवीस फूट. आठ पावलं म्हणजे फार तर वीस फूट. झोक्याचं तोंड तिकडे असेल तर तुमची विहीर झोक्याच्या अंगणातच येते. शिवाय मे महिन्यात फणसाला काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दहा-पंधरा किलोचा फणस पिकून सुटतो तेव्हा खाली कोण आहे हे बघून सुटत नाही. माडाचंही तेच. माडाखाली तर मुलांचं काहीही, अगदी चटईसुद्धा नको. नारळ उतरवून घेतले तरी वाळलेली झावळ येतेच.

आणि तो पाट. लाकडी पाट झोक्यावर बसणाऱ्याला छान, पण समोरून धावत येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर तो हेलकावत असतो. हल्ली मुलांच्या झोक्याला मऊ रबराची बैठक लावतात ती याचसाठी. पाटाचं काय करायचं ते सांगते पुढे, टाकून देऊ नका.

इथे एक माझ्या घरची गोष्ट सांगायला हवी. माझा भाचा सात वर्षांचा असताना आमच्या खळ्यात झोक्यावरून पडला. मनगट मोडलं. गाडीत घालून चाळीस मिनिटांवरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो रडायचाही थांबला होता, नुसता हात धरून बसला होता. संध्याकाळी घरातली सगळी पुरुषमंडळी त्या झोक्याखाली जमली. कोणी दोर ताणून बघितला, कोणी फांदीवर चढून गाठ बघितली. गाठ धड, दोर धड, फांदीला चीरसुद्धा नाही. सगळे बुचकळ्यात. शेवटी माझ्या आत्याने झाडू मारता मारता पाय आपटून दाखवला: "अरे, वर काय बघताय? हा कातळ बघा." आमचं खळं म्हणजे वर बोटभर चोपलेली माती आणि खाली अखंड जांभा. भाचा पडला तो फार उंचावरून नाही. पडला तो दगडावर.

तेव्हापासून कोणी परसात मुलांसाठी काही करायचं म्हटलं की मी आधी खाली बघते. मूल पडणार हे धरूनच चालायचं. पडलं नाही तर ते खेळलंच नाही. किती उंचावरून पडेल आणि कशावर पडेल, एवढंच आपल्या हातात असतं. चोपलेली माती, हिरवळ, फरशी यांतलं काहीही पडणाऱ्याला झेलत नाही, हिरवळ दिसायला मऊ दिसते तेवढंच.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती पोफळींची मोकळी जागा. ३ जून २०२०च्या त्या वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत किती आगरं भुईसपाट केली ते आपण पाहिलं आहे, आणि त्या जागेकडे बघवत नाही असं अनेकांना होतं. पण पोफळीची जागा म्हणजे वर्षानुवर्षं शिंपलेली, शेणखत खाल्लेली, खोल माती. तिथे कुदळ जाते. फणसाखाली जाते का बघा एकदा मारून.

यंदा तिथे एक माच करा. झोका नको, घसरगुंडी नको, एकच माच. शेतात राखणीला घालतात तसाच, पण बुटका: जमिनीपासून चार फुटांच्या आत, पाच फूट बाय पाच फूट. झोक्यावर एक बसतो आणि दुसरा 'आता माझी पाळी' म्हणून रडतो. माचावर दोघं बसतात, वाडीतली आणखी चार चढतात, आणि त्याचं घर होतं, होडी होते, दुकान होतं. नऊ वर्षांच्या मुलीला झोका दोन दिवस पुरेल, माच महिनाभर पुरेल. गेल्या वर्षी ती का कंटाळली असेल याचा विचार केलात तर मला वाटतं तिला करायला काही नव्हतं आणि जायला स्वतःची अशी जागा नव्हती.

माचाच्या चारी बाजूंना सहा फूट पडायची जागा धरा. म्हणजे सतरा बाय सतरा फुटांचा चौकोन. तो फूटभर खणा आणि मऊ भरा. वाळू भराल तर हिशेब करा: २८९ घनफूट, जवळजवळ तीन ब्रास. खर्च सोडा, वाळूचा नऊ इंचांचा दबलेला थरही फक्त चार फुटांवरून पडणाऱ्याला झेलतो. त्याऐवजी सॉ मिलमधून लाकडाच्या ढलप्या आणा, भुसा नव्हे. ढलप्यांचा तेवढाच थर दहा फुटांपर्यंत काम देतो. पायाखाली त्या पाव हिश्श्याने दबतात, म्हणून नऊ इंच हवे असतील तर बारा इंच भरा. मुलं गेली की पावसाच्या तोंडावर सगळ्या उचलून माडांच्या आळ्यांत टाका. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात त्या कुजणारच, मग माडाच्या मुळाशी कुजू देत. पुढच्या वर्षी नव्या.

खेळायची वाळू मात्र हवी, कोपऱ्यात चार बाय चारची. ती किनाऱ्यावरून टेम्पो भरून आणू नका. सागरी किनारा नियमन क्षेत्रातून परवानगीशिवाय वाळू काढायला मनाई आहे, आणि खारट वाळूने तुमच्या आगराची माती बिघडेल ती वेगळीच. बांधकामाच्या दुकानातून नदीची चार-सहा घमेली चाळून घ्या. रात्री वर झावळ्यांचा विणलेला झाप टाकत जा, नाहीतर मांजरं ती आपलीच समजतात.

माच कशाचा? माणगा बांबूचा. आपला माणगा आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून चांगला भार घेतो. आता मार्गशीर्ष आहे, वेळ अगदी बरोबर आहे. तीन वर्षं झालेल्या काठ्या तोडा, कोवळ्या नको. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आहे तोवर तीन-चार आठवडे त्यात बुडवून ठेवा, म्हणजे आतली साखर निघून जाते आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत उभ्या करून वाळवा. चैत्रापर्यंत तयार होतील. घाई करून ओल्या काठ्या वापरल्या तर वैशाखात सगळे सांधे ढिले पडतात. खिळे ठोकू नका, बांबू फुटतो. गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घाला आणि वरून काथ्याचा सुंभ आवळा. पाय मातीत पुरलेत तर एका पावसात वाळवी खालून खाऊन टाकेल. खड्ड्याच्या तळाशी काँक्रीटमध्ये जस्त चढवलेल्या पट्ट्या उभ्या करा, ढलप्यांच्या वर वीतभर येतील अशा, आणि बांबूचे पाय त्यांना बोल्टने जोडा. पट्ट्यांच्या कडा आणि बोल्टची टोकं उघडी ठेवू नका, जुन्या सायकलच्या ट्यूबने गुंडाळा. काँक्रीट पूर्ण गाडलेलं हवं, एक कोपराही वर नको.

वाळवीसाठी कोणी तुम्हाला गाडीचं जळकं ऑइल फासायला सांगेल, कोणी काजूच्या टरफलांचं तेल. जळकं ऑइल मुलांच्या हाताला नको. टरफलांच्या तेलाने कातडीला फोड येतात हे तुम्हाला माहीत आहेच. काहीच फासू नका. बांबू चार-पाच वर्षांनी बदलायचा असतो असं धरून चाला.

कठडा मात्र मनापासून करा. ३८ इंच उंच, काठ्या उभ्या लावायच्या. आडव्या लावल्या की धाकटा त्याची शिडी करतो. दोन काठ्यांमधलं अंतर साडेतीन इंचांच्या आत. साडेतीन ते नऊ इंचांची फट सगळ्यात वाईट: अंग आधी आरपार जातं आणि डोकं अडकतं. शिडीला दोन्ही बाजूंना धरायला काठी. सगळं झालं की जुन्या धोतराचा फडका घेऊन प्रत्येक काठीवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे कुस आहे, तासून काढा. माचावर कुठेही लोंबता दोर ठेवू नका, फास तर नाहीच, आणि ओढणी, उपरणं गळ्यात घालून वर चढायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी सांगा.

खणलेल्या मातीचं काय? ती लांब नेऊ नका. तीन ब्रास माती आहे, तिचा माचापासून दहा-बारा पावलांवर तीन फुटांचा उंचवटा करा, एका बाजूने लांब उतार काढून. ही तुमची घसरगुंडी. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं ते रुंद आवरण, आणा. तुम्ही स्वतः लहानपणी विरीवर बसला असणार, कोणीतरी शेंडा धरून ओढलं असणार, आणि खालची माती सरकल्याचा तो आवाज अजून कानात असणार. नातवाला विरीवर बसवा आणि नातीला ओढू दे. मग दोघं उतारावरून. उताराच्या पायथ्याला दगड, चिरा, गडगा काही नको, मोकळं मैदान हवं. पोफळीचं एखादं जुनं खोड उभं चिरून पन्हळ करता आली तर करा, मुलं उंचवट्यावरून खाली पाण्याचे पाट काढत बसतील. फक्त पाणी कुठे साठून राहू देऊ नका, डासांसाठी. पावसाळ्यात कधी आली तर पायाला जखम असताना चिखलात सोडू नका. लेप्टोचा ताप आपल्याकडे आहेच.

मुलाला सांगा, त्याचं म्हणणं चूक नाही. तयार वस्तूत मापं बऱ्याचदा नीट असतात आणि काम एका दिवसात होतं. पण मेच्या उन्हात दुपारी बारा वाजता त्या घसरगुंडीवर हात ठेवून बघायला सांगा. बाहेरच ठेवली तर दोन-तीन उन्हाळ्यांत प्लास्टिक चिरतं, आणि त्या फटीत बोटं जातात. आणि तीसुद्धा मऊ जमिनीवरच ठेवायला लागते, म्हणजे खणायचं काम सुटत नाहीच. त्याला पैसे खर्च करायचेच असतील तर विहिरीची जाळी त्याच्याकडून घ्या.

झोका रायवळाला, पण पुढच्या वर्षी. फांदी सात-आठ फुटांवर हवी, खाली पुन्हा तोच ढलप्यांचा पट्टा, पुढे-मागे पंधरा-सोळा फूट. दोर थेट सालीवर बांधायचा नाही, मध्ये गोणपाट किंवा टायरचा तुकडा, नाहीतर फांदी गळ्याशी मरते. नायलॉनचा स्वस्त दोर उन्हाने कमजोर होतो, तो नको. त्याआधी आंब्यावर हुमल्यांचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, घर आहे का बघून ठेवा.

एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही. माचाखाली लाकडं, नारळाची सोडणं, पेंढा, चिरे रचून ठेवू नका. तिथे उंदीर येतात आणि त्यांच्या मागे सगळे येतात. फुरसं हा विषारी साप तर गडग्याच्या फटीतून आणि पाचोळ्यातून असतंच. रोज सकाळी मुलं जायच्या आधी लांब काठीने ढलप्या एकदा चाळवायच्या, विरी उलटी करून झटकायची. अंधारात माचावर जायचं नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आत्ता आहे का, हे एप्रिलमध्ये स्वतः जाऊन विचारा. विंचू चावला तर मंत्र-पाला करण्यात वेळ घालवू नका. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केली आणि कोकणात अनेक मुलं वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळीचा उपयोग डॉक्टरपर्यंत वेळेत पोचणाऱ्याला.

जागा घरापासून लांब पडते म्हणालात, त्यावर उपाय आहे. मधलं जास्वंदीचं कुंपण कमरेएवढं छाटा, मागच्या पडवीतून माच दिसला पाहिजे. पण नुसतं पडवीतून दिसून भागणार नाही. चार वर्षांचा मुलगा खेळत असताना कोणीतरी मोठं माणूस तिथे हवं. म्हणून तो पाट. माळ्यावरून काढा, पुसा, दोन चिऱ्यांवर आडवा टाका, उंचवट्याच्या सावलीच्या बाजूला. तिथे तुम्ही बसायचं, सकाळी आठ ते दहा आणि ऊन उतरल्यावर. त्याच पाटावर बसून तुम्ही बारा फुटांच्या फांदीवरून कसे झोके घेत होतात हे नातीला सांगा.

आणि माच पुरा करून ठेवू नका. पाय, तळ, कठडा, शिडी एवढंच तुमचं. छप्पर मोकळं सोडा. झापाला लागणाऱ्या झावळ्या भिजवून ठेवा आणि नातीला विणायला शिकवा. पहिला झाप वाकडा होईल, गळेल, तो तसाच वर चढवा. रंग कुठला, नाव काय, खिडकी कुठल्या बाजूला, हे तिला आत्ताच फोनवर विचारायला घ्या. मार्गशीर्षात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती मे महिन्यापर्यंत घोळवत राहील.

सुनेला हे पत्र वाचून दाखवा, विहिरीचा भाग आधी. जाळी बसली की एक फोटो तिला पाठवा आणि एक ओळ मला. माणगा तोडून पऱ्यात टाकलात की काठ्या किती आणि केवढ्या जाडीच्या मिळाल्या तेही लिहा, म्हणजे माचाचे सांधे कसे घ्यायचे ते पुढच्या पत्रात बघू.